बुरुल-एजेचं नाक

“फुंक रे,” आई म्हणाली.

चालक कालमुरातनं नळीत फुंकलं. यंत्राचा लाल दिवा लागला.

“हा सातवा!” बस आगाराचे नवे साहेब ऐदर ओरडले. “नारीन गावच्या गाड्या काय दारूवर चालतात?”

“जूनमध्ये कुमीसवर चालतात, साहेब,” आई म्हणाली. “घोडीचं दूध आंबलं की घरोघरी वाडगी फिरतात. तुम्ही सकाळी काय प्यायलात?”

आईनं नळी त्यांच्यापुढे धरली. त्यांचाही दिवा लाल. खिडकीबाहेर सहा चालक पोट धरून हसले.

तीस वर्षं आई, आगाराची परिचारिका, त्या खोलीत गाडी काढण्याआधी चालकांचे श्वास हुंगत होती; सगळे तिला बुरुल-एजे, म्हणजे बुरुलताई, म्हणत. कुणी लसूण खाल्ला, कुणाची दाढ किडली, तिला सगळं कळे. वडील म्हणत, “हिच्याशी खोटं बोलायचं तर श्वास रोखून बोलावं लागतं.” तिला जाऊन आता एक हिवाळा उलटला.

त्या दिवशी मी तिचा डबा घेऊन गेले होते.

“बाकीचे तासाभरानं पुन्हा फुंकतील,” साहेब चिडून म्हणाले. “हा मात्र तीन दिवस लालच आहे. याची नोकरी संपली.”

“एजे, मी कुमीसही सोडलंय!” कालमुरात रडकुंडीला आला. “सासरा मुल्ला आहे माझा. दारुडा म्हणून हाकललं तर आपल्या पोरीला माहेरी परत नेईल.”

“माझ्या नाकावर फुंक.” आईनं डोळे मिटले. “तहान लागते?”

“बादलीभर.”

“रात्री कितीदा उठतोस?”

“आमचं कुत्रं आता भुंकतही नाही.”

“साहेब, ही दारू नव्हे. नासक्या सफरचंदाचा वास आहे. रक्तात साखर साचलीय, पण अंगाला ती वापरता येत नाही. मग अंग स्वतःची चरबी जाळतं, त्याची वाफ श्वासातून निघते. यंत्राला सगळं सारखंच.”

तपासणीत साखर भयंकर निघाली. आठ दिवस दवाखान्यात काढून कालमुरात आगारात आला, तेव्हा साहेबांनी स्वतः त्याला खुर्ची दिली.

आई म्हणाली, “गाडी मात्र इतक्यात नाही रे. औषधानं साखर एकदम उतरली तर चाकावरच शुद्ध जाईल. कदाचित कधीच नाही.”

त्यानं हातातली टोपी फिरवली. “दारुडा नाही, एवढं लिहून द्या, एजे. मोठ्या अक्षरांत. शिक्के दोन मारा.”

आईनं तीन मारले.

त्या संध्याकाळी त्याच्या परतीच्या गाडीत मीही होते. तो चालवायचा तीच गाडी, चालक दुसरा. कालमुरात पहिल्या बाकावर ताठ बसला होता. घाटात वळण आलं की त्याचा उजवा पाय जमीन दाबायचा.