तिघांची पानं

२०१७च्या हिवाळ्यात विलासना, म्हणजे आमच्या ह्यांना, दुपारी पाहुणे दिसायला लागले. तिघे. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झाला, स्वयंपाकघरात तो पांढरा, पेंगुळलेला उजेड भरला, की हे टेबलापलीकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "अगं, पानं वाढ."

मी वाढायची. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. तीन खुर्च्या रिकाम्या, तीन पानं भरलेली, आणि हे आपल्या पानाला हात लावायला तयार नाहीत. "पाहुणे उपाशी आणि मी जेवू?" विसरण्याच्या आजारात माझं नाव गेलं, लव्हालच्या या घराचा पत्ता गेला, नेमका पाहुणचार तेवढा राहिला! राग यायचा हो मला. यांचे कपडे ढगळ व्हायला लागले होते. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. हे जेवत नाहीत म्हणून माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता, पण ते विचारणार कोण?

एका दुपारी शेजारची फ्रीडा दूध घेऊन आली. ती ज्यू, शाळेत हिब्रू शिकवून निवृत्त झालेली. भरलेली पानं बघून दारातच थबकली. मी सगळं सांगितलं, तर हसली नाही. ओला कोट काढून बसलीच.

"आमच्या अब्राहामाकडेही असेच तिघे आले होते, भर दुपारी," ती म्हणाली. "देवदूत, पण दिसायला साधी माणसं. पंखबिंख काही नाहीत. त्याने लोणी, दूध, मांस वाढलं आणि ते जेवले."

"मग या तिघांना जेवायला काय धाड भरलीये?"

"ते फार जुने गं. शेकडो वर्षांनी लोकांना ते पटेना. देवदूताला पोट कसं असेल? मग म्हणायला लागले, ते जेवले नाहीत, नुसते जेवल्यासारखे दिसले. एक देवदूत एकच काम करतो, हेही पुढेच ठरलं. काम झालं की गेला."

मी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. इतके दिवस मी या तिघांना अब्राहामाकडच्या पाहुण्यांसारखं जेवू घालत होते. हे नंतरच्या, न जेवणाऱ्यांपैकी असतील तर? न जेवणाऱ्यांना कसं वाढायचं, ते मला कोणी शिकवायला नको होतं.

उठले. तिन्ही पानांवर कुंडीतल्या तुळशीचं एकेक पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटून नैवेद्य दाखवला. क्षणभर खरंच वाटलं, समोर कोणीतरी शांत बसलंय आणि त्यांच्या खांद्यांवरचा बर्फ हळूहळू वितळतोय.

"झालं हो त्यांचं," मी म्हटलं. "हा घ्या प्रसाद."

या इंजिनिअर माणसाने देवापुढे कधी हात जोडले नाहीत, पण प्रसादाला कधी नाही म्हटलं नाही. उजवा हात पुढे आला. मी घास ठेवला. मग दुसरा. मग हे आपले आपणच जेवायला लागले. मला रडू आवरेना.

"गेले का पाहुणे?" फ्रीडाने हळूच विचारलं.

"दोघे गेले." हे तिसऱ्या खुर्चीकडे बघत होते. "हा थांबलाय. काम राहिलंय म्हणतो."

फ्रीडाने माझा हात घट्ट धरला.

"कसलं काम हो?"

विलासनी भाताचं एक पान माझ्याकडे सरकवलं.

"विचारतोय, अरुणा जेवली का?"