दुसरी वाटी

रखमाचे डोळे काचबिंदूने गेले, असं लालबागच्या त्या चाळीत सगळेच मानत होते. मानत नव्हती ती एकटी शेवंती, तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे एकाच गिरणीत, दोघींचा संसार एकाच खोलीत. पण नळावर हंडे भरायचे, भाकऱ्या बडवायच्या, धुणी आपटायची ती शेवंतीनेच. थोरली उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडणार, आणि त्यात एक खडा राहील तर शपथ.

त्यात रखमा रांगोळी काढायची. आंधळ्या बाईने रांगोळी! सुतळी अंथरून आकार बसवायचा आणि तिच्या कडेने बोटांनी चाचपत रंग भरायचा. कड म्हणून कुठे फुटायची नाही. शेजारणी तोंडात बोटं घालायच्या आणि शेवंतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. डोळे शाबूत असल्याशिवाय का हे जमतं? कामं टाळायला सोंग घेतलंय हिने, दुसरं काय!

सत्तावन्न सालची दिवाळी आली. मुंबईसह महाराष्ट्र अजून मिळायचा होता, म्हणून चाळीच्या अंगणात त्याचाच नकाशा काढायचं ठरलं. जमीन हिरवी, समुद्र निळा आणि मुंबई कुंकवासारखी लाल.

"शेवंते, वाट्या उजव्या हाताला ओळीने लाव गो," रखमा म्हणाली. "पहिली हिरवी, दुसरी निळी, तिसरी लाल."

शेवंतीने दुसऱ्या वाटीत लाल रंग भरला आणि तिसरीत निळा. दिसत असेल तर हात आपसूक खऱ्या रंगाकडे जाईल, आणि मग साऱ्या चाळीसमोर हिचं सोंग उघडं पाडते, असा तिचा बेत. खांबाला टेकून ती रखमाच्या हाताकडे टक लावून उभी राहिली.

हिरवी जमीन झाली. मग हात दुसऱ्या वाटीत गेला आणि जरासुद्धा अडखळला नाही. गुणगुणत, मुठीमुठीने रखमा समुद्र भरत गेली, लालभडक. शेवंतीला कळून चुकलं, हिला खरंच दिसत नाही. थांब म्हणायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने? शेवटी रखमाने तिसऱ्या वाटीतली चिमूट घेऊन मुंबई भरली, हात झटकले आणि हसून विचारलं, "झाली का आपली मुंबई?"

शेजारच्या कमलाबाईचा भाऊ मुंबईसाठीच्या मोर्च्यावर झालेल्या गोळीबारात गेला होता. ती कळवळून म्हणाली, "रखमा, समुद्र लाल केलास? आणि मुंबईच बुडवलीस?"

रखमाचा चेहरा पांढराफटक पडला. ती वाट्या पुन्हा पुन्हा चाचपू लागली. "डोळे गेले तेव्हा रडले नाय मी," ती म्हणाली. "म्हटलं, रंग आहेत ना डोक्यात. आता तेही गेले. कुठला कुठे सांगितला, तेच ध्यानात राहत नाय."

शेवंती रडतच तिच्यापुढे येऊन बसली. "नाय जाऊबाई! तुम्ही बरोबर सांगितलं होतं. रंग मी बदलले. मुद्दाम. तुम्हाला दिसतंय का, ते बघायला."

रखमाने हात पुढे करून तिचा चेहरा शोधला आणि ओला गाल पुसला.

"खुळी की काय! माझं मन राखायला स्वतःवर घेतेस?"

"देवाशपथ, मीच..."

"पुरे. तू असं करायची नाहीस, एवढं कळत नाय मला?" तिन्ही वाट्या एकात एक घालून तिने शेवंतीच्या हातात दिल्या. "पुढल्या वर्षापासून रांगोळी तूच काढ."