चाळीस मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझं घड्याळ आता अगदी बरोबर चालतं. हे मी मिरवायला सांगत नाही. ते बरोबर होण्याआधी काय होऊन गेलं, ते सांगायला बसलो आहे.

माझे सुटे भाग कुठकुठल्या कारखान्यांतून आले आणि एका लहानशा दुकानात कुणीतरी ते स्क्रू पिळून एकत्र बसवले. या घरी आलो तेव्हा माझ्या कौतुकाला पारावार नव्हता. घरातला मुलगा कॉलेजात होता. त्याचा अभ्यास, त्याचे अर्ज, त्याच्या पहिल्या नोकरीचं पत्र, सगळं माझ्याच पडद्यावर झालं. त्याचे वडील शेजाऱ्यांना हाताला धरून आणत आणि मला लांबूनच दाखवत. "हात नका लावू हं, नाजूक असतं," असं वर बजावत. पुढे मुलाकडे नवं, चपटं यंत्र आलं आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. जुन्या चपला आणि एक फुटकी बादली यांच्या संगतीत मी सहा वर्षं काढली.

दरम्यान वडील थकले. भिंत धरून चालू लागले, सगळे त्यांना आजोबा म्हणू लागले. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर जात, म्हणून त्यांना सांभाळायला एक मावशी येऊ लागल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पाचला मुलगा घरी पोचायचा. मावशींना साडेपाचला दुसऱ्या घरी एका आजारी बाईंकडे जायचं असे, म्हणून "माझी वाट बघत थांबू नका, पाच वाजले की निघा," असं मुलानेच त्यांना सांगून ठेवलं होतं.

मग त्याच्या मनात आलं, घरात कॅमेरे असावेत. रेकॉर्डिंगसाठी नवं यंत्र कशाला, जुना कॉम्प्युटर पडलाय की! मला बाहेर काढून पुसलं, बैठकीच्या कोपऱ्यात मांडलं. दुरुस्तीवाल्याने माझ्या पोटात एक कार्ड बसवलं आणि चार कॅमेऱ्यांच्या वायरी त्यात खोचल्या. बैठकीतला कॅमेरा त्याने नेमका भिंतीवरच्या घड्याळाच्या वर ठोकला. त्यामुळे मला सगळी खोली दिसे, तेवढं घड्याळ दिसत नसे.

"पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग मावेल," तो मुलाला म्हणाला. "मग जुनं आपोआप पुसून त्यावर नवं चढेल. लाईट गेली तर आल्यावर हा स्वतःच सुरू होईल. फक्त याच्या घड्याळाचा सेल संपत आलाय. लाईट गेली की घड्याळ तिथल्या तिथे थांबेल. इंटरनेट जोडलेलं नाही, म्हणजे वेळ आपोआप जुळायचीही नाही. पुढच्या आठवड्यात सेल घेऊन येतो."

"या सावकाश. काही घाई नाही," मुलगा म्हणाला.

मला पुन्हा काम मिळालं या आनंदात मीही ते मनावर घेतलं नाही. डोळ्यांत तेल घालून पहारा करू लागलो. मावशी रोज माझ्यावरची धूळ झटकायच्या. मला त्यांनी चौकीदार असं नाव ठेवलं होतं. "आजोबा, घास टाकू नका, चौकीदार बघतोय," म्हणायच्या आणि आजोबा माझ्याकडे बघून जीभ काढून दाखवायचे. भिंतीवरच्या घड्याळातला सेल संपला, तर मावशींनी त्याच दिवशी स्टुलावर चढून नवा घातला.

एका दिवशी दुपारी बारा वाजता लाईट गेली, ती चाळीस मिनिटांनी आली. माझ्यासाठी ती चाळीस मिनिटं झालीच नाहीत. मी बाराला झोपलो आणि बारालाच उठलो.

त्या संध्याकाळी भिंतीवर पाच वाजले तेव्हा मावशी आजोबांच्या पायांवर पांघरूण घालून निघाल्या. मी रेकॉर्डिंगवर वेळ टाकली, चार वीस. दहा मिनिटांनी आजोबा पाणी घ्यायला उठले आणि पडले. मी वेळ टाकली, साडेचार. मुलगा त्या दिवशी एका जुन्या मित्राशी गप्पा मारत बसला होता. तो आला तेव्हा सहा वाजले होते.

आजोबांना दवाखान्यात ठेवून त्याने रेकॉर्डिंग लावलं. मावशी जाताना त्याने पाहिल्या. वडील पडताना पाहिले. ते फरशीवर पडून दाराकडे हात लांबवताहेत, एवढं दिसल्यावर त्याला पुढे बघवेना. त्याने पडदाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी मावशी धावत आल्या. त्यांना त्याने दारातच अडवलं.

"चार वीसला निघालात तुम्ही. माझे बाबा दीड तास फरशीवर पडून होते."

"नाही हो दादा! पाच वाजलेले बघून निघाले मी. ते काय, त्या घड्याळात बघून."

"मग कॅमेरा खोटं बोलतो?"

"कॅमेऱ्याचं मला काय कळतंय? पण मी माणूस टाकून जाईन का हो?"

त्याने त्यांना काढून टाकलं. रागाच्या भरात त्या दुसऱ्या घरीही फोन करून सावध केलं. त्यांनीही मावशींना दार बंद केलं.

आठवड्याने आजोबा घरी आले, पण वाचा गेली होती. ते पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट करत आणि मग मुलापुढे पाचही बोटं पसरत. "हो बाबा, पाचला औषध आहे, लक्षात आहे माझ्या," तो म्हणे. आजोबा डोळे मिटून घेत. पडल्यापासून अठराव्या दिवशी ते गेले.

दुरुस्तीवाल्याचा पुढचा आठवडा त्यानंतर चार दिवसांनी उगवला. मला उघडण्याआधी त्याने सहज स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"हा तर चाळीस मिनिटं मागे आहे. मध्ये लाईट गेली होती का?"

 मुलगा खुर्ची ओढून भराभर जुन्या तारखा शोधू लागला. पण तो दिवस मी पुसून टाकला होता. तसंच मला शिकवलं होतं.

संध्याकाळी तो मावशींच्या घरी जाऊन आला आणि बायकोला सांगू लागला.

"माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, आजोबा कसे आहेत? चालतात का आता? त्यांना कुणी कळवलंच नव्हतं गं. मी सांगितलं. तर म्हणाल्या, एकदा भेटू द्यायचं होतं. आणि आत निघून गेल्या."

मित्रांनो, तो बटणाएवढा सेल आता माझ्या पोटात आहे. मावशी आल्या नाहीत. माझ्यावर धूळ साचली आहे, ती साचू दे. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी पहाऱ्याला असेल, तर त्याचं घड्याळ आधी बघा. आम्ही खोटं बोलत नाही, पण आम्ही चुकतो, आणि चुकलो हे आम्हाला कळत नाही. आणि कुणावर बोट ठेवण्याआधी रेकॉर्डिंग थोडं पुढे जाऊ द्या. मी त्या दिवशी सगळं टिपलं होतं. आणखी पन्नास मिनिटं बघितलं असतं, तर सहाला घरी आलेला मुलगा त्याला स्वतःलाच दारातून आत येताना दिसला असता, आणि त्याच्या डोक्यावर मी टाकलेली वेळ, पाच वीस.