घरचा सामना

सात वर्षं झाली आमच्या मैदानाला कुलूप लागून. खेळाडूंच्या खोलीत पाणी नाही, गवतात खड्डे, बाकं मोडकी, म्हणून वरच्या फुटबॉलवाल्यांनी देशाचे सामने इथे नकोत म्हणून सांगितलं. बरोबरच सांगितलं, त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो दर वर्षी ‘पुढच्या हंगामाला मैदान तयार’ म्हणणाऱ्या आमच्या मंत्र्यावर. तेव्हापासून आमचे घरचे सामने मोरोक्कोत होतात. घरचे म्हणे! बघायला तिथे आमचं कुत्रंसुद्धा नसतं.

आम्ही जाली. लोकांची कुळं गाणं हा आमचा पिढीजात धंदा. मैदान चालू होतं तेव्हा सामन्याआधी मी मधोमध उभी राहून एकेका पोराचं नाव बापजाद्यांसकट गायची, आणि अख्खं मैदान उठून उभं राहायचं. परक्यांच्या पोरांसाठी घसा बसवला, आणि माझा लेक यानकुबा देशाच्या संघात आला तेव्हा मैदान बंद! कप्तान झाला, छत्तिशीला आला, पण देशासाठी घरच्या मैदानात एकदाही उतरला नाही. त्या रविवारी विश्वचषकाच्या पात्रतेचा शेवटचा घरचा सामना होता, तिकडे मोरोक्कोत. तो झाला की यानकुबा खेळ सोडणार होता.

आदल्या शुक्रवारी मंत्र्याचा माणूस, फोडे नावाचा, आमंत्रणाची मानाची कोलाची फळं घेऊन दारात. रविवारी साहेबांची सभा आहे, मावशी, साहेबांचं कुळ तुम्हीच गायचं, म्हणाला. कुठे, विचारलं, तर म्हणतो मैदानात. मला वाटलं माझे कान गेले. अकरा पोरांनी पळायला जे मैदान चालत नाही, तिथे अख्खं शहर बसवणार?

“सभेला गवत कुठे लागतं, मावशी?” तो मलाच समजावत होता.

दार तोंडावर लावणार होते. मग काय मनात आलं, कोला ठेवून घेतला, म्हणजे गायला हो म्हटलं.

रविवारी गाड्या भरभरून माणसं आणलेली. निम्म्यांच्या कानाला रेडिओ. मंचामागे साहेबांसाठी नवी कोरी मोरी बांधलेली, नळाला धो धो पाणी. ते पाणी बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माइक हातात आला तसं मी यानकुबाचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं, आज्याचं. मग गोलरक्षकाचं, मग एकेकाचं. माणसं उठायला लागली. फोडे धावत आला, साहेबांचं गा म्हणून कानाशी लागला.

“गाते की,” मी माइकवरच म्हटलं. “साहेबांच्या मोरीला पाणी आहे, आमच्या पोरांच्या खोलीला नाही. झालं साहेबांचं कुळ गाऊन.”

माइक बंद केला मेल्यांनी. पण लोक थांबतात होय? उरलेली नावं त्यांनीच म्हटली.

संध्याकाळी यानकुबाचा फोन आला. एका गोलनं हरलो, आई, म्हणाला. रिकाम्या बाकांपुढे खेळलो. त्याला बरं वाटावं म्हणून मी सगळं रंगवून सांगितलं, आपलं मैदान कसं खचाखच भरलं होतं, त्याचं नाव ऐकून सगळे कसे उभे राहिले.

“म्हणजे मैदान उघडं होतं, आई?”

उभा जन्म तोंडावर पोट भरलं मी. आणि त्याला विचारलं काय, तर जेवलास का.