पाच बोटं खिडकी

साबिराबीच्या हाताखालून गेलेली आणि पुढे कंबर धरून बसलेली एक तरी बाई शहाद्यात कुणी दाखवावी! मोहल्ल्यात कुणाची लेक-सून बाळंत झाली की आधी साबिराबीला बोलावणं, मग पेढे. तिचे नियम ठरलेले. चाळीस दिवस खोली बंद. डोक्याला रुमाल, कानात कापूस, खाटेखाली शेगडी, आणि खिडकीच्या फटीत गोधडी कोंबलेली. वारा एकदा बाळंतिणीच्या हाडात शिरला की मेल्याशिवाय निघत नाही, असं तिचं म्हणणं. जिनं दुसऱ्यांच्या लेकींना सूट दिली नाही, ती पोटच्या पोरीला देईल होय?

पोटची पोर म्हणजे इरम. लोणखेड्याला शिकलेली, सिव्हिल इंजिनियर, सुरतेच्या एका कंपनीत कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नवऱ्यानं, कामराननं, तिला आणून सोडलं. बॅगेत बाळाच्या टोपड्यांबरोबर लॅपटॉपही आला. कंपनीनं निवडक इंजिनियरांना समुद्रावरची बंदरं कशी आखायची याचं प्रशिक्षण ठेवलं होतं. शिकवणं फोनवर, लॅपटॉपवर. शेवटी प्रत्येकानं एक बंदर आखायचं आणि सरांपुढे मांडायचं. सरांना पटलं तर समुद्राचं काम, नाही पटलं तर पुन्हा गटारं. नोकरी लागल्यापासून इरम गटारांचे उतारच काढत होती. आता तिला गटार नको होतं. आणि सरांपुढे मांडायची तारीख नेमकी बाळंतपणाच्या चाळीस दिवसांत आली.

गल्लीत समुद्राची माहिती कुणाला? हजला जाऊन आलेले दोघं होते, ते विमानाच्या खिडकीतून बघून आलेले. "निळं असतं," एवढंच सांगायचे.

बंद खोलीत नेटवर्कची एक काडी यायची, तीसुद्धा लाजत लाजत. सर बोलायला लागले की आवाज तुटायचा.

"अम्मी, खिडकी उघड ना जराशी. काही ऐकू येत नाही."

"नको येऊ दे. कानात कापूस काय शोभेला घातलाय?"

"डॉक्टर म्हणाली, हवा खेळती ठेवा."

"किती वेळा बाळंत झाली ती? लग्न तरी झालंय का तिचं?"

इरमच्या पाठीवरून घाम ओघळायचा. ओव्याचा, लोबानचा, दुधाचा आणि निखाऱ्यांचा वास एकमेकांत मिसळून खोलीत साचलेला. मांडीवर एकीकडे बाळ, दुसरीकडे तापलेला लॅपटॉप. भिंती रोज हातभर जवळ सरकतात असं तिला वाटायला लागलं होतं. दार उघडं असायचं ते फक्त अम्मी आत-बाहेर करेपर्यंत. दारावरचा झरोका घरातच उघडायचा, म्हणून तेवढा गोधडीतून सुटला होता.

शेवटी बाप मदतीला आला. वाहिदभाई पत्र्याच्या पेट्या बनवणारा माणूस. बायकोपुढे तोंड कमी आणि हात जास्त चालवायचा. त्यानं इंटरनेटची वायर आणवली, दाराच्या चौकटीला खाली भोक पाडलं आणि वायर आत सरकवली. साबिराबीनं सगळं बघून घेतलं, वायरीभोवती उरलेल्या भोकात कापूस ठासला आणि म्हणाली, "आता बोल तुझ्या समुद्राशी."

मांडायच्या दिवशी इरमनं रुमाल नीट बांधला आणि कॅमेरा वर केला. समोर कीर सर, रत्नागिरीकडचे. आणखी दहा-बारा इंजिनियर चौकटीचौकटीतून बघत होते. तिनं आपलं बंदर दाखवलं. लाटा अडवायला समुद्रात बांधलेल्या दोन लांब दगडी भिंती, आणि त्यांच्यामध्ये आत यायचं तोंड.

"वा!" सर म्हणाले. "आत पाणी किती शांत! परातीत असावं तसं. आता एक जहाज आत आणून दाखवा."

तिनं पडद्यावर जहाज सोडलं. वारा बाजूनं होता, जहाज तिरकं झालं. नाक तोंडातून आत गेलं आणि शेपूट भिंतीला लागलं. तिनं पुन्हा आणलं. पुन्हा लागलं.

"मॅडम," सर म्हणाले, "हे बंदर बांधलंय की पेटी?"

दाराबाहेर वाहिदभाई वायर धरून बसला होता. धंद्यावर आलेलं बोलणं त्याला सोसलं नाही. "पेटीलाही झाकण असतं, साहेब!"

ते सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. सरही हसले. "काकांचं खरं आहे. उद्या दुपारी झाकण लावून आणा. उद्या शेवटची संधी, बरं का."

लॅपटॉप मिटल्यावर इरमला रडू आलं. चूक कुठे झाली ते तिला चांगलं कळलं होतं. रोज ती दोन भिंती थोड्या जवळ आणायची. रोज आतल्या लाटा कमी व्हायच्या, आकडा खाली यायचा आणि तिला बरं वाटायचं. बाहेरून कुणाला आत यायचंय, हेच ती विसरली. या खोलीत बसून तिनं हीच खोली आखली होती. आता तोंड मोठं केलं की लाट सरळ आत यायची, लहान केलं की जहाज अडायचं. संध्याकाळपर्यंत तिनं दहा तऱ्हा करून बघितल्या.

बाळाला मालिश करायला दगूबाई आली. तिनं झबलं काढलं आणि म्हणाली, "साबिराबी, पोऱ्याले घामोळ्या उठी ग्यात ना वं! पाठ दखा."

"वारा लागण्यापेक्षा घामोळ्या बऱ्या," साबिराबी म्हणाली. पण पाठीकडे दोनदा बघितलं.

मग ती ऊददाणी घेऊन आली. निखाऱ्यावर लोबान पडला. धूर वर गेला, छताला टेकला आणि तिथेच लोंबत राहिला. खाली उतरून खाटेवर आला. बाळ शिंकलं. इरम धुराकडे बघत बसली. मग रुमाल आवळून खाटेवरून उतरली.

"अब्बा! खिडकीएवढा एक पत्रा द्या मला."

वाहिदभाईनं पत्रा दारातून आत सरकवला. इरमनं तो खिडकीच्या आत, हातभर अंतरावर तिरका उभा केला, गोधडी ओढून काढली आणि एक झडप उघडली.

साबिराबी धावत आली. राग आला की तिची उर्दू-मराठी सगळी पळायची आणि अहिराणी तेवढी उरायची. "काय करी ऱ्हायनी तू? वारा लागी जाई! मरी जाशी!"

"अम्मी, मला नको बघू. धूर बघ. धूर बाळाच्या खाटेवर आला तर कडी लाव. मग चाळीस दिवस भरेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

साबिराबीला पैज सोडता येत नाही. तिनं ऊददाणी खिडकीशी धरली. धूर पत्र्याला आपटला, कडेनं वळसा घालून थेट खाटेवर गेला.

"बघितलं?" साबिराबीचा हात कडीवर.

"थांब ना!" इरमनं ती झडप ओढून घेतली, दुसरी उघडली आणि पत्रा उघड्या बाजूच्या पुढे सरकवला. "आता धर."

धूर पत्र्याला लागला, भिंतीच्या कडेकडेनं गेला आणि दारावरच्या झरोक्यातून बाहेर पडला. खाटेकडे फिरकला नाही. साबिराबीनं लोबान आणखी टाकला. खाली धरला, वर धरला. मूठभर लोबान जळाला तरी धुरानं तिचं ऐकलं नाही.

तिनं आपला पंजा आडवा करून झडपेच्या फटीत धरला. "पाच बोटं. सहावं दिसलं तर खिडकीवर तुझ्या बापाकडून पत्रा ठोकून घेईन."

"पाच पुरतात," इरम म्हणाली, आणि लॅपटॉप उघडून बसली. तिनं तोंड रुंद ठेवलं, पण लाटेकडून फिरवून आडोशाला घेतलं, आणि बाहेरची भिंत त्याच्या पुढे लांब नेली. मानेवरचा घाम सुकत होता. बाळ न किरकिरता झोपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी जहाज स्वतः आणलं. बाहेरच्या भिंतीला वळसा घालून ते हळूहळू आत आलं. "पाणी कालपेक्षा थोडं हलतंय," ते म्हणाले, "पण चालेल. बंदर आहे, परात नाही. पास. आता पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी समुद्रावर यायचं."

दारातून आवाज आला, "चाळिसावं न्हाण झाल्याशिवाय पोर उंबरा ओलांडणार नाही! सांग तुझ्या साहेबाला!"

इरमनं डोळे मिटून घेतले. कीर सरांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "नका काळजी करू, आई. समुद्र कुठे जात नाही. नंतरच्या तुकडीबरोबर येऊ दे तिला."

मगरिबची अजान झाली. साबिराबी आली, झडप ओढली, कडी घातली आणि फटीत गोधडी कोंबली. खोली पुन्हा होती तशी झाली.

वाहिदभाई पत्रा न्यायला दारात उभा होता.

"राहू द्या तिथेच," साबिराबी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सकाळी पुन्हा कोण उचलून आणणार?"