सातातली एक

सासरेबुवांना काही दाखवायचं नाही, असं सूनबाईने पक्कं ठरवलं होतं. दोघंही खगोलशास्त्रज्ञ, ते निवृत्त, ती कंत्राटावर. दूरच्या दीर्घिकासमूहांतल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हाताऱ्या झाल्या, तिथे आता नवे तारे जन्मत नाहीत, हे त्यांनी उभ्या आयुष्यात इतक्यांदा सांगितलं होतं की सासूबाईंनाही ते तोंडपाठ होतं. आणि सूनबाईला अशाच एका समूहात तारे जन्माला घालणाऱ्या तशाच सात दीर्घिका सापडल्या होत्या. दुपारी व्याख्यानात ती तेच मांडणार होती. समोर निवड समिती, आणि कायमची नोकरी त्यावरच ठरणार.

पण लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा राहिला. ती केस पुसत बाहेर आली, तर सासरेबुवा चष्मा लावून त्याच्यासमोर बसलेले.

"वर्णपटातलं हे वर आलेलं टोक कसलं गं?"

"ऑक्सिजनचं. नवे तारे असले की भोवतालचा वायू चमकतो. तुम्हाला माहीत आहे, बाबा."

"मला बरंच माहीत आहे. सातही जणी एकाच वेगाने पळतायत का?"

"नाही."

"मग सातही टोकं एकाच जागी कशी?"

प्रत्येकीचा वेग वेगळा, म्हणजे प्रत्येकीचं टोकही थोडं सरकायला हवं. जे जागचं हलत नाही ते आपल्याच आभाळाचं. रात्रीचं आभाळ स्वतःही किंचित उजळतं, तो उजेड वजा करावा लागतो, आणि तिने तो नीट वजा केला नव्हता. विद्यार्थ्यांचे कान ती ज्यासाठी उपटायची, नेमकी तीच चूक. तिला रडू येत होतं, आणि बाबांचा भयंकर राग येत होता, कारण त्यांचं बरोबर होतं.

"झालं समाधान?"

"माझ्यावर कशाला चिडतेस? वजाबाकी पुन्हा कर."

तिने केली. एकेक टोक पुसलं जाऊ लागलं. सासूबाईंनी चहा आणून ठेवला आणि दोघांची तोंडं बघून काढता पाय घेतला. सहा दीर्घिका गेल्या. सातवी सगळ्यांत वेगवान. तिच्यातलं आभाळाचं टोक गेलं, पण त्याला चिकटून दडलेलं एक बारकं टोक उरलं. तिच्या वेगाप्रमाणे जिथे असायला हवं, तिथेच.

बाबांनी स्क्रीनला नाकच लावलं. तिच्याकडून हिशोब पुन्हा करून घेतला, मग स्वतः करून पाहिला.

"साताची एक झाली," ती म्हणाली. "आज मी तोंडावर पडणार."

"तुझ्या सहा गेल्या." बाबा कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले. "मी तर आयुष्यभर शून्य म्हणत आलोय."

तिने शीर्षकातला 'सात' खोडून 'एक' लिहिलं. बाबा उठले आणि कपाटात इस्त्रीचा शर्ट शोधू लागले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्या व्याख्यानाला. कुणीतरी उठून म्हणेलच, हे उरलेलं टोकही आभाळाचंच," ते म्हणाले. "त्याला मी उत्तर देईन."