शेगडीच्या बटणाजवळची अक्षरं

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. सासूबाईही म्हणायच्या, पण फक्त रागावल्या की. आता सासूबाई गेल्या हे त्यांना आठवत नाही, मी कोण हे आठवत नाही, आणि गॅस चालू आहे हेही आठवत नाही. पहिल्या दोन गोष्टींबद्दल शेजाऱ्यांची तक्रार नव्हती.

तिसरीवरून मेहुण्याने माझ्या बायकोला फोनवर निकाल दिला. "ताई, आता एकदा जरी गॅस उघडा राहिला तर बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं. मी चौकशी करून ठेवलीये." मेहुणा लांब राहतो. लांबच्या माणसाला निर्णय झटकन सुचतात.

दिवसा आम्ही दोघंही कामावर. सिलेंडरचा कॉक बंद करून जायचो, तर ते तो शोधून उघडायचे. उघडायचं त्यांचे हात विसरले नव्हते. बंद करायचं तेवढं विसरले होते. मग बायकोने ऑफिसातून 'गॅस बंद करा' अशा छापील चिठ्ठ्या आणून घरभर चिकटवल्या. संध्याकाळी सगळ्या केराच्या डब्यात.

"असल्या अक्षरांच्या घरात माणसं राहतात का?" सासरे म्हणाले.

म्हणून तिने हाताने लिहायचं ठरवलं. पण शेगडीच्या बटणाशेजारी जागा दोन बोटांची. जाड मार्करने 'बंद करा' लिहिलं तर झुरळ चिरडल्यासारखं दिसलं. बारीक टोकाचा ब्रशपेन हवा होता, आणि तो निवडायला घरातच जाणकार बसला होता.

आम्ही त्यांना घेऊन स्टेशनरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा पेन मांडले. "आजोबा, हा सगळ्यात जास्त खपतो."

"उंदराचं औषधही खपतं," सासरे म्हणाले.

पेन चालवून बघायला तिथे एक वही होती. लोकांनी तिच्यात सह्या केल्या होत्या, बदाम काढले होते. सासऱ्यांनी एकही अक्षर लिहिलं नाही. केसाएवढी एक आडवी रेघ ओढली, तिथून दाब वाढवत खाली आले आणि शेवटी हात अलगद उचलला. पहिल्या पेनचं टोक पिंजारलं. दुसऱ्याची रेघ वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची. "हे लाकूड आहे," त्यांनी सांगितलं. तिसऱ्याचं टोक दाबलं ते वाकडंच राहिलं. चौथा पेन त्यांनी तीनदा चालवला आणि डोळ्यांजवळ धरला.

"हा घे. दाबला की झुकतो, सोडला की परत सरळ होतो."

एरवी चहाची कपबशी वाजवणारा तो हात या अर्ध्या तासात एकदाही थरथरला नव्हता. बायकोने माझ्याकडे 'बघ' अशा अर्थाने बघितलं.

"तुम्हीपण पाट्या रंगवता का?" सासऱ्यांनी मला विचारलं.

"नाही. मी तुमचा जावई."

"अरेरे," ते म्हणाले.

घरी ती लिहायला बसली आणि ते शेजारी खुर्ची ओढून. "काना ताठ ठेव. तुझा काना पिऊन आलाय." पण या चिठ्ठ्या भिंतीवर टिकल्या. सासरे प्रत्येक चिठ्ठीपाशी थांबायचे, मान तिरकी करून बघायचे. गॅस अकरा दिवस बंद राहिला. मी मेहुण्याला मुद्दाम फोन करून हे सांगितलं, आणि आवाजातला टेंभा लपवला नाही.

बाराव्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी खिडक्या उघडल्या होत्या, कॉक बंद केला होता आणि आमच्याशी बोलणंही. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण उघडंच होतं. वास अजून पडद्यांत होता. सासरे शेगडीसमोर स्टुलावर, हातात ब्रशपेन. बायकोची चिठ्ठी काढून त्यांनी स्वतः लिहिलेली नवी चिकटवली होती.

"तुझ्या 'द'चं पोट किती सुटलं होतं," ते म्हणाले. "आता बघ."

अक्षरं सुरेख होती. छापखान्यालाही जमणार नाहीत अशी.

"बाबा, काय लिहिलंय ते वाचा ना."

ते पुढे वाकले, डोळे बारीक केले, बराच वेळ बघत राहिले. "अक्षरांतलं अंतर बरोबर आहे," त्यांनी सांगितलं.

चाळीस वर्षं त्यांनी पाट्या लिहिल्या होत्या. वाचायचं काम रस्त्यावरच्या लोकांचं.

त्या दिवशी मेहुण्याला तिनेच फोन केला. तो "मी म्हटलं होतं" म्हणाला नाही, हे त्याच्या नावावर जमा.

संस्थेची यादी आली. प्रत्येक कपड्यावर नाव हवं. कापडी पट्टीवर लिहून शिवायचं. चोवीस पट्ट्या. बायकोने पेनचं टोपण काढलं, पहिल्या पट्टीवर टोक टेकवलं आणि तिथेच ठेवलं. शाईचा डाग पसरत गेला. मग तिने कागदावर त्यांचं नाव लिहून तो कागद, पेन आणि पट्ट्या त्यांच्यापुढे सरकवल्या.

"एकाच माणसाच्या एवढ्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो."

"मोठं गिऱ्हाईक दिसतंय. कधी हवंय?"

"सोमवारी."

"होईल. पण ही शाई धुण्यात टिकणार नाही, त्यांना आधीच सांग. मागाहून बोलणी नकोत."

दुपारभर ते लिहीत होते. एकसारखी, ताठ, देखणी अक्षरं. तेच नाव पुन्हा पुन्हा. शेवटची पट्टी त्यांनी उजेडात धरली आणि बाजूला टाकली.

"ही नको द्यायला. जरा कललंय. त्या गृहस्थांना वाईट वाटेल."

त्यांनी दुसरी पट्टी मागितली. बायकोने ती त्यांना दिली, आणि सुई-दोरा ओवायला माझ्याकडे.